रिचर्ड डेव्हिस यांना नुसतं 'सेशन प्लेयर' म्हणू नका

बोलावलं, वाजवलं, पैसे घेतले, निघाले. 'सेशन प्लेयर', म्हणजे रेकॉर्डिंगपुरता बोलावलेला वादक, म्हणताना लोकांच्या मनात एवढंच असतं, आणि मला त्याचा खरंच राग येतो. रिचर्ड डेव्हिस यांचा डबल बेस (व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं धरून वाजवायचं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य) मन लावून ऐकलेला माणूस असं म्हणणारच नाही.

जन्म १९३०, शिकागो. शास्त्रीय संगीताची तालीम पक्की होती, पण त्या काळी सिंफनी ऑर्केस्ट्राची दारं काळ्या वादकांना जवळजवळ बंदच. मग जॅझ. जॅझ गायिका सारा व्हॉन यांना त्यांनी काही वर्षं साथ केली. गाणाऱ्याच्या श्वासाला जागा सोडायची त्यांची सवय तिथेच मुरली, असं मला वाटतं. पुढे स्ट्राविन्स्की आणि बर्नस्टाइन या शास्त्रीय संगीतातल्या दिग्गज संगीतकारांच्या हाताखालीही वाजवलंच!

१९६८ मध्ये न्यूयॉर्कला गायक व्हॅन मॉरिसनच्या 'ॲस्ट्रल वीक्स' या अल्बमचं रेकॉर्डिंग झालं. मॉरिसन तेवीस वर्षांचा, वेगळ्या बूथमध्ये बसलेला. वादकांसमोर लिहिलेलं काही नाही, सूचना जवळपास नाहीत. पहिलं गाणं सात मिनिटांचं, कॉर्ड्स मुख्यतः दोनच. हेडफोन लावून फक्त खालचा आवाज धरा. मॉरिसन एखादा शब्द घोळवत राहतो तेव्हा बेस खाली ठाम उभा असतो, आणि मॉरिसन थांबला की बेस वर चढून त्याला उत्तर देतो. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. या रेकॉर्डला बेसनेच उभं केलंय, यावर मी कितीही वेळ भांडायला तयार आहे.

आता चार वर्षं मागे जा. जॅझ वादक एरिक डॉल्फींच्या 'आउट टू लंच' या अल्बममध्ये 'समथिंग स्वीट, समथिंग टेंडर' ऐका. डेव्हिस बो (गज) घेतात आणि डॉल्फींच्या बास क्लॅरिनेट या फुंकवाद्याच्या इतके लगत जातात की क्षणभर कोण कोणतं वाजवतंय तेच कळत नाही. आणि १९७५ मध्ये रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'मीटिंग अक्रॉस द रिव्हर' या गाण्यामध्येही तेच आहेत. तिथे ड्रम्स नाहीत. पियानो, ट्रम्पेट आणि हा बेस.

असा माणूस १९७७ मध्ये न्यूयॉर्क सोडून विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला शिकवायला गेला आणि २०१६ पर्यंत शिकवत राहिला. काहींना ती माघार वाटली असेल. मला नाही वाटत. आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकत वाजवलेल्या माणसाकडून नवख्या पोरांनी शिकायचं नाही, तर कुणाकडून?

२०२३ मध्ये ते गेले, त्र्याण्णव वर्षांचे होऊन. आज रात्री 'ॲस्ट्रल वीक्स' पुन्हा लावणार आहे. तुम्हीही लावा, आणि कोण गातंय हे कुणाला सांगाल तेव्हा बेसवर कोण आहे तेही सांगा.