फिल्म काय फक्त धुक्यासाठीच असते का?
रोलवाल्या फिल्म कॅमेऱ्यावर लँडस्केप (निसर्गाचे फोटो) काढायचं तर सह्याद्रीतलं धुकंच पाहिजे असं एका लेखात म्हटलंय, ते काय पटलं नाही बघा. आमच्या सोलापुरात ऊनच एवढं की उजेड मोजायचा मीटर नसला तरी चालतंय, २०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते), १/२५० सेकंद शटर आणि एफ १६ (लेन्सचं छिद्र), पण मी तर एफ ११ वरच, म्हणजे छिद्र थोडं मोठं ठेवतो कारण कलर निगेटिव्हला (साध्या रंगीत रोलला) एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड सोसतो, कमी पडला की सावल्या पार मातकट होतात (स्लाइड फिल्मवर, म्हणजे जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं तिच्यावर मात्र हे धंदे करू नका). एकदा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर जाऊन बघा, नुसतं गवत आणि आभाळ, आणि हातात एका रोलचे छत्तीसच फोटो. फक्त रोल उन्हात गाडीत ठेवू नका राव, एप्रिल-मे मध्ये तर अजिबातच नको.