दाढ उपटायला डॉक्टर आहे, वाचवायला नाही

आज आईची तिसरी दाढ गेली. आपोआप पडली नाही, उपटून काढावी लागली. आणि वेळेत भरली असती तर ती वाचली असती, हे उपटणाऱ्या डॉक्टरबाईंनीच मला सांगितलं. तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय.

चार महिन्यांपूर्वी थंड पाण्याने कळ यायला लागली तेव्हा बारीकशी कीड होती. लगेच सरकारी दवाखान्यात गेलो. सकाळची एसटी, केसपेपर, बाकड्यावर दोन तास. बाईंनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "लवकर भरून घ्या. पण इथे नाही होणार, कॉम्प्रेसर बंद आहे." दात कोरायचं यंत्र हवेच्या दाबावर चालतं. तो दाब देणारा कॉम्प्रेसर बिघडला की खुर्ची आहे, दिवा आहे, डॉक्टर आहे, तरी दात भरता येत नाही. उपटायला मात्र सुई आणि पकड पुरते. म्हणून आमच्याकडे दात उपटलेच जातात.

पुढच्या महिन्यात परत गेलो, कॉम्प्रेसर बंदच. तिसऱ्या वेळी बाईच नव्हत्या, आठवड्यातले तीन दिवस त्यांना दुसऱ्या तालुक्यात पाठवतात. आई काजूच्या कारखान्यात सोलायला बसते, किलोवर पैसे. प्रत्येक फेरीत एक दिवसाची मजुरी बुडाली. खाजगीत विचारलं तर तोवर कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचलेली, रूट कॅनल आणि कॅप मिळून साडेसात हजार. ते ऐकून आई पायऱ्या उतरूनच गेली. गाल सुजला, रात्र रात्र लवंग धरून बसली आणि शेवटी मलाच म्हणाली, "जाव दे गो. दोन गेल्यो, ही पण जाव दे."

ही पण जाऊ दे! साठीही झाली नाही तिची. सुका बांगडा आता चावत नाही, पेजेवर दिवस काढते. तिला मधुमेह आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत पू झाला की साखर आटोक्यात येत नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. साखरेच्या गोळ्या तिला फुकट मिळतात, आणि हिरड्यांकडे बघायला कोणी नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. चांगला निर्णय आहे, मी मानते. पण जो उपचार होतच नाही तो मोफत असून मला काय मिळालं? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांचं कवच आहे. जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया त्यात होते. साधा दात भरणं, रूट कॅनल, म्हाताऱ्या माणसाची कवळी त्यात बसत नाही. दात म्हणजे काय दागिना आहे, हौस म्हणून करून घ्यायला? अन्न तोंडातूनच पोटात जातं ना?

पोरांचं तर बघवत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तोंड उघडायला लावतं, किडलेले दात कागदावर लिहून घेतं. शेजारच्या मुलाला यंदा चिठ्ठी मिळाली, तालुक्याला दाखवा म्हणून. तालुक्याला काय दाखवायचं, तो बंद कॉम्प्रेसर? त्याच्या बापाची होडी एक दिवस बंद राहते आणि पोरगं तसंच गाल धरून घरी येतं.

मग लोक काय करतात? ज्यांना परवडतं ते गोव्यात बांबोळीला जातात, तिथे सरकारी दंत महाविद्यालय आहे. नाहीतर घाट चढून कोल्हापूर. आपल्या राज्याचं जवळात जवळचं सरकारी दंत महाविद्यालय मुंबईत, रात्रभर रेल्वेने. एका दाढेसाठी मुंबई! आणि रूट कॅनल बहुतेकदा एका खेपेत आटपत नाही, दोन-तीनदा जावं लागतं.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. खुर्ची, साहित्य, माणूस यांसाठी राज्यांना त्यातून मदत मिळते. पण माणूस येतो अकरा महिन्यांच्या करारावर. तो रुळेपर्यंत करार संपतो, आणि यंत्राच्या दुरुस्तीचा कागद कुठल्या टेबलावर अडकतो ते कोणी सांगत नाही. त्या बाईंवर माझा राग नाही. त्याही तेवढ्याच वैतागलेल्या होत्या. राग आहे तो धोरण ठरवणाऱ्यांवर.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाचं कायमचं पद भरा. यंत्र बंद पडलं तर किती दिवसांत सुरू झालं पाहिजे ते शासन निर्णयात लिहा आणि दुरुस्तीचा खर्च करायचा अधिकार तिथल्या अधीक्षकाला द्या, जिल्ह्याकडे कागद पाठवत बसायला लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाजाराच्या दिवशी दंतवैद्य बसू दे, लोक तसेही त्या दिवशी येतात. रूट कॅनल आणि कवळी जन आरोग्य योजनेत घ्या.

हे सगळं मी निवेदनात लिहिलंय आणि येत्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहे. आई म्हणते, कशाला सगळ्यांसमोर आपलं दुखणं सांगतेस. सांगणार. वाडीतल्या किती बायका तोंडावर पदर धरून हसतात ते मी मोजायला सुरुवात केली आहे.