"मग सरळ सी-च लिहा ना!" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चिकन स्कीमच्या (स्कीम ही लिस्पची एक बोली, चिकन हे तिचं एक रूप) सीएससी या कमांड-लाइन कंपायलरवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगली खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. "छान माहिती" वाचून बरं वाटतं, पण हात शिवशिवतात ते अशा प्रतिक्रियेने. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिस्पचा जीव आरईपीएलमध्ये (ओळ टाकली की लगेच उत्तर देणाऱ्या पडद्यात), फाइल लिहा, कंपाइल करा, चालवा ही रीत पत्करायची तर मग सरळ सी-च लिहा. दुसरं, सीएससी हा कंपायलरच नव्हे, तो स्कीमचं सी करून हात झटकतो आणि खरं काम जीसीसी हा सी-चा कंपायलर करतो. आणि तिसरं, ओ-५ ही कोड वेगवान करण्याची सगळ्यात वरची पातळी उपलब्ध असताना मी वाचकांना ओ-२ वर का थांबवलं?

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

सीएससी हा नुसता मुकादम आहे, हे मान्य. तो आधी 'चिकन' या प्रोग्रॅमला कामाला लावतो, मग सी कंपायलरला, शेवटी लिंकरला. डॅश-व्ही हा पर्याय द्या, म्हणजे कोणाला काय हुकूम सुटला ते पडद्यावर दिसतं. पण डॅश-टी देऊन तो सी फाइलपाशीच थांबवा आणि ती फाइल एकदा उघडाच. कुठलाही माणूस असं सी लिहिणार नाही. त्यातली फंक्शनं एकमेकांना बोलावतात आणि परत कधी येतच नाहीत. रिटर्न नाही, म्हणजे सी-चा स्टॅक (चालू कॉलची नोंद ठेवणारी मेमरी) फुगत जाणार. फुगू देतात! नव्या वस्तूंनाही आधी त्याच स्टॅकवर जागा मिळते. तो ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरला की अजून लागणाऱ्या वस्तू तेवढ्या हीपवर, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीत, कॉपी करायच्या, बाकीचा स्टॅक एका लाँगजंपमध्ये (सी-मधली मागे थेट उडी) टाकून द्यायचा आणि पुढे चालू लागायचं. ही कल्पना हेन्री बेकर यांनी १९९४ च्या सुमारास मांडली. कॉपी करण्याची पद्धत त्याहून जुनी, चेनी यांची, १९७० ची. फेलिक्स विंकलमान यांनी २००० साली चिकन सुरू केलं ते याच पायावर.

याचा फायदा रोजच्या कामात दिसतो. टेल कॉलने, म्हणजे फंक्शनच्या अगदी शेवटी केलेल्या कॉलने, स्टॅक वाढणार नाही अशी हमी सी देत नाही, तरी चिकनमध्ये ती मिळते. टेल कॉल नसलेलं खोल रिकर्शनही सी-सारखं स्टॅक फुटून मरत नाही, कारण वाट बघत असलेल्या फ्रेम हीपवर जाऊन बसतात. कॉल-सीसी, म्हणजे प्रोग्रॅमचं उरलेलं काम पकडून ठेवून नंतर तिथे परतण्याची सोय, स्वस्तात पडतं. यातलं जीसीसीला काहीच ठाऊक नसतं. मॅक्रो (कोडपासून कोड बनवणारे नियम) उलगडणं, क्लोजरची (आजूबाजूची मूल्यं सोबत बाळगणाऱ्या फंक्शनांची) मांडणी, इनलाइन करणं (कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच घालणं), सगळं त्याच्या हाती फाइल पडण्याआधीच उरकलेलं असतं.

आणि "दुसऱ्या भाषेत उतरवतो तो कंपायलर नव्हे" ही कसोटी लावलीत तर गाय स्टील यांचा १९७८ चा रॅबिटही बाद होतो. स्कीमचा तो गाजलेला कंपायलर मॅकलिस्प या दुसऱ्या लिस्पचा कोड बाहेर काढायचा आणि पुढचं काम मॅकलिस्पच्या कंपायलरवर सोपवायचा. तुम्हीच प्रतिक्रियेत स्टील यांचा दाखला दिलाय, म्हणून म्हटलं.

आता आरईपीएल. कंपायलर ही लिस्पमध्ये बाहेरून घुसलेली चीज नाही. हार्ट आणि लेव्हिन यांनी एमआयटीत १९६२ साली लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला आणि इंटरप्रिटरवर चालवून त्याच्याकडून त्यालाच कंपाइल करून घेतलं. पण इतिहासापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. दिवसभर उघड्या ठेवलेल्या आरईपीएलमध्ये फाइलमधून कधीच पुसलेलं फंक्शन जिवंत असतं. नाव बदललं तरी जुनं नाव हाकेला ओ देतं. आपल्याला वाटतं प्रोग्रॅम चालतोय. चालत असते ती दिवसभराची साठवण. सीएससी दर वेळी कोऱ्या पाटीवरून सुरू होतो. फाइलमध्ये जे नाही, ते त्याच्यासाठी नाहीच.

याचा सगळ्यात जास्त चटका मॅक्रो लिहिणाऱ्यांना बसतो. वर एक साधं मदतनीस फंक्शन, खाली ते वापरणारा मॅक्रो. सीएसआयमध्ये (चिकनच्या आरईपीएलमध्ये) लोड केलं तर विनातक्रार चालतं, सीएससीला दिलं तर 'अनबाउंड व्हेरिएबल'. कारण मॅक्रो उलगडतो कंपायलरच्या पोटात, आणि तुमचं फंक्शन जन्माला येणार प्रोग्रॅम चालेल तेव्हा. ते बिगिन-फॉर-सिंटॅक्समध्ये, म्हणजे कंपाइल होतानाच चालणाऱ्या भागात, ठेवलं की काम होतं. कुठला कोड कोणत्या वेळी चालतो, हे लिस्पमध्ये समजून घ्यावंच लागतं, आणि आरईपीएल नेमकं तेच झाकून ठेवतो.

शिवाय दोन्हीतलं एकच निवडा असं कोण म्हणतंय? डॅश-एस देऊन फाइलची शेअर्ड लायब्ररी करा आणि सीएसआयमध्ये लोड करा. जड हिशेबाचा भाग कंपाइल केलेला, बाकी आरईपीएलमध्ये मोकळं. मी स्वतः असंच काम करतो, कारण सी-ची ती अवाढव्य फाइल कंपाइल व्हायला वेळ लागतो. दर ओळीमागे कोण थांबणार? (जीडीबी या डीबगरमध्ये अशा प्रोग्रॅमचा माग काढणं हा तर छळ आहे, एफ-अंडरस्कोर-आकडा असल्या नावांच्या जंगलात. ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहायला हवं होतंत.)

"सी-च लिहा" याचं उत्तर छोटं आहे. डॅश-स्टॅटिक देऊन बनवलेली फाइल काही एमबींची होते आणि चिकन नसलेल्या लिनक्स मशीनवरही चालते. एसबीसीएल या दुसऱ्या लिस्पमध्येही एकच फाइल बनवता येते, पण तिच्यात सगळी इमेज (कंपायलरसकट लिस्पची पूर्ण मेमरी) जात असल्याने ती तीस-चाळीस एमबींपर्यंत जाते. छोट्या हत्यारांसाठी मला पहिला मार्ग आवडतो, आणि त्यासाठी मॅलॉक-फ्रीच्या (सी-मध्ये मेमरी हाताने घेण्या-सोडण्याच्या) नादी लागायची माझी तयारी नाही.

राहिला ओ-५. ओ-४ पासूनच अनसेफ हा, तपासण्या काढून टाकणारा पर्याय लागू होतो: वेक्टरच्या हद्दीबाहेरचा इंडेक्स दिला तरी कोणी अडवत नाही, आकड्याचा कार (यादीचा पहिला घटक) मागितला तरी एरर येईलच असं नाही. बाहेरून आलेला डेटा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला हे लावणं मला पटत नाही. ओ-५ आणखी पुढे जातो. नो-ट्रेसमुळे एरर आल्यावर दिसणारी कॉल हिस्टरी जाते, आणि ब्लॉकमुळे टॉप-लेव्हलची नावं बाहेरून दिसेनाशी होतात. म्हणजे चालत्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही आरईपीएल उघडलात, तरी तुमचीच फंक्शनं तिथे सापडणार नाहीत. आरईपीएलसाठी भांडणाऱ्याने ओ-५ मागावा, याचं मला जरा नवल वाटलं. आधी ओ-२ वर मोजा. खरंच हळू वाटलं तर ओ-३ बघा, आणि अनसेफ लावायचंच असेल तर त्या एका हिशेबाच्या फाइलपुरतं लावा.