अपडेट येऊन राहिलं ना भाऊ

तर्री-पोहे झाले, चहा झाला, कूलरमध्ये पाणी भरून झालं. आता दोन तास निवांत बसून आयकराचं विवरणपत्र भरून टाकू, म्हणून तुम्ही कॉम्प्युटर लावता. पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरायला लागतं. अपडेट चालू आहे, २७ टक्के, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. अशा वेळी सामान्य माणूस शिवी देतो. तुम्ही सामान्य राहू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी मन शांत करा. नागपूरकराला हे जड जाऊ नये, कारण त्याला हिवाळी अधिवेशनाची सवय आहे. १९५३च्या नागपूर करारात ठरलं, त्याप्रमाणे डिसेंबर आला की अख्खं सरकार मुंबईहून इकडे येतं. दुभाजकांना रंग लागतो, रस्त्यांना कठडे लागतात, घरून बर्डीच्या बाजारात जायला तुम्हाला अर्ध्या शहराचा वळसा पडतो. मग एक दिवस सगळे परत जातात, आणि काय झालं ते तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शोधता. अपडेटचंही असंच. पाऊण तास वळसा घातला की तीच फाइल, तोच प्रिंटर. फक्त तो प्रिंटर आता तुम्हाला ओळखत नाही.

यानंतरची पायरी म्हणजे विसरणं. आदर्श वापरकर्त्याला काहीही आठवता कामा नये. आमच्या महाल भागातले एक काका या परीक्षेत साफ नापास झालेले आहेत, ते कसे हे नीट समजून घ्या म्हणजे तुमची चूक होणार नाही.

काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. फायलीवर शेरा मारल्याशिवाय ती पुढे सरकवायची नाही, ही चाळीस वर्षांची सवय. २००३ साली घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी दोनशे पानी वही घातली आणि पहिल्या पानावर ‘संगणक बंद करणे’ असा मथळा दिला. चालू कसा करायचा हे त्यांनी लिहिलं नाही, ते काम नातू करायचा. मथळ्याखाली निळ्या शाईत पहिली नोंद आहे: ‘खाली डाव्या कोपऱ्यात हिरवे बटण. त्यावर स्टार्ट असे लिहिले आहे. बंद करण्यासाठीही तेच दाबावे (!)’. ते उद्गारचिन्ह त्यांचंच. विंडोज ९५मध्ये हे बटण आलं त्याला आठ वर्षं होऊन गेली होती, पण इतक्या वर्षांत थांबायला ‘सुरू’ का दाबायचं, हे कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. काकांनी वहीत का होईना विचारलं.

ही नोंद पुढे खोडली आहे. खाली २०१०ची: ‘हिरवे गेले. गोल झाले. अक्षर नाही, चार रंगांची खिडकी आहे. जागा तीच.’ हे विंडोज ७. याच्या मधे विंडोजची व्हिस्टा नावाची आवृत्ती होऊन गेली, पण ती काकांनी घेतली नाही, त्यामुळे त्यांचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढलं असावं. प्रत्येक टिचकीला ‘तुम्हाला हे नक्की करायचं आहे ना?’ असं, व्हिस्टासारखंच, विचारणाऱ्या व्यवस्थेखाली त्यांनी चाळीस वर्षं नोकरी केली होती. पुन्हा घरी कोण आणेल?

मग २०१३चा नवा लॅपटॉप आणि त्यात विंडोज ८. वहीत दोनदा अधोरेखित केलेले दोनच शब्द: ‘बटण नाही.’

मला तो दिवस आठवतो. काका खिडकीतूनच ओरडले होते, ‘‘काऊन रे बाबू, याच्यातलं बटन कोणी काढून नेलं का?’’ मी गेलो. कोणी नेलं नव्हतं. खाली डावा कोपरा रिकामा होता आणि पडदाभर रंगीत ठोकळे पसरले होते, जणू कोणी बालवाडीचा डबा उपडा केलाय. तासाभराने आम्हाला रस्ता सापडला, तो काकांनी तिथेच उतरवून घेतला: ‘माउस उजव्या कोपऱ्यात न्यावा. वाट पाहावी. पट्टी येते. तिच्यात सेटिंग. त्यात पॉवर. त्यात बंद.’ याच्या पुढे कंसात, वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात लिहिलं आहे: ‘घाई असल्यास बॅटरी काढावी.’

पुढच्या वर्षी: ‘बटण परत आले. पण दाबल्यावर पुन्हा ठोकळेच.’ हे ८.१. मग २०१६: ‘१० आले. बटण जागेवर, काम ठीक. ९ कुठे गेले?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका माझा जीव मोठा नाही. आणि मग २०२२ची, सुनेच्या लॅपटॉपवर पाहून केलेली नोंद: ‘११. बटण मधे सरकले. जुन्या जागी हवामान दिसते. सवयीने दाबल्यास बातम्या उघडतात. नागपूर ४४.’

बघितलंत? माणूस शिकला, हीच चूक. वीस वर्षांत एक बटण डाव्या कोपऱ्यातून मधोमध गेलं, तेवढ्यासाठी काकांना पाच वेळा पहिलीत बसावं लागलं. त्यांनी पहिल्यापासून काही लक्षातच ठेवलं नसतं तर पाचही वेळा आनंदाने ‘अरे वा, काय नवीन आलंय!’ म्हणता आलं असतं. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीला हाच चेहरा हवा असतो. आपण मात्र नवीन काय आलं हे सोडून जुनं कुठं गेलं ते विचारत बसतो. हा प्रश्न असंस्कृतपणाचा समजतात.

विंडोज ७ चांगली होती, हे एकदाच म्हणून घेतो. १४ जानेवारी २०२० रोजी तिचा आधार, म्हणजे कंपनीकडून होणारी सुरक्षेची डागडुजी, बंद झाला. त्या दिवशी भोगी होती. तेव्हा नाराज होऊ नका, जे भोगायचं ते मुहूर्त पाहूनच दिलं गेलं.

काही लोक एक्सपीच्या, म्हणजे त्या हिरव्या बटणाच्या विंडोजच्या, आठवणी काढून उसासे टाकतात, त्यांच्याही नादी लागू नका. त्यांना तिच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी आठवते. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात चार्ल्स ओ’रिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली ती टिपली. मे महिन्यात ४५ अंशांत, लाईट यायची वाट बघत बसलेल्या नागपूरकराने लाईट आल्यावर पहिल्यांदा ती टेकडी बघितली असेल, तर त्याचा जीव तिच्यात अडकणारच. पण त्याच एक्सपीत मराठी धड दिसावी म्हणून काय करावं लागायचं, ते सोयीने विसरतात. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, प्रादेशिक भाषांचा कप्पा उघडायचा आणि एका चौकटीत खूण करायची. त्या चौकटीपुढे मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या आणि गुंतागुंतीच्या लिप्या, ‘थाईसह’, असं लिहिलेलं होतं. म्हणजे ज्ञानोबांची ओवी वाचायला आधी थायलंडचा हात धरायचा! त्यानंतर कॉम्प्युटर मूळ सीडी मागायचा. मूळ सीडी बर्डीच्या ज्या दुकानातून आणली होती तिथेही ती मूळ नव्हती, पण तो विषय आपण वाढवू नये. खूण केली नाही की ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसायची आणि ‘किती’चं जे व्हायचं ते वाचताना घरातली लहान मुलंसुद्धा हसायची. व्हिस्टापासून ही खूण करावी लागत नाही. व्हिस्टाच्या बाजूने बोलायला मला एवढाच मुद्दा सापडला.

आता संमतीचा मुद्दा, तो बारीक आहे. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली म्हणजे ‘नको’, अशी आपली भाबडी समजूत. २०१६च्या उन्हाळ्यात विंडोज १० फुकट घ्या म्हणून सांगणारी खिडकी फुली दाबून बंद केली तरी ठरलेल्या वेळचं अपग्रेड रद्द होत नव्हतं. यावर जगभर ओरडा झाला. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंचा व्यवसायाचा कॉम्प्युटर न विचारता १०वर गेला आणि बंद पडू लागला, तर त्यांनी कोर्टात जाऊन १० हजार डॉलर मिळवले. तुम्ही असलं काही करू नका. आपल्याकडे लग्नघरी तिसऱ्यांदा ‘नको’ म्हटल्यावरच जिलबी ताटात पडते, तशी ही पद्धत समजा. घरगुती आवृत्तीत अपडेट कायमचं थांबवायची सोय नाही. सोय आहे ती कामाचे तास सांगायची, फार तर १८. उरलेले सहा तास त्याचे. त्या सहा तासांत त्याने काय केलं हे सकाळी उठून विचारू नये. २०१८च्या ऑक्टोबरमधल्या अपडेटने काही लोकांच्या फायलीच पुसल्या आणि ते काही दिवसांत थांबवावं लागलं, तसं रोज होत नाही.

सेटिंग सापडत नसेल तर घाबरू नका, घराबाहेर येऊन आपला सिमेंट रस्ता बघा. आधी डांबर होतं. त्यावर सिमेंट चढलं, रस्ता वर गेला, तुमचं अंगण खाली राहिलं आणि पाऊस आला की पाणी थेट दिवाणखान्यात. कॉम्प्युटरमध्येही २०१२पासून कंट्रोल पॅनेलवर सेटिंग नावाचा नवा थर टाकायचं काम चालू आहे. अजून पूर्ण झालेलं नाही. नव्या, गुळगुळीत पानावर चालत जा, दोनदा टिचकी मारा, आणि एकदम खड्ड्यातून जुनी करडी खिडकी वर येते. स्क्रीनसेव्हर शोधून बघा, थेट पंचवीस वर्षं मागे जाऊन पोचाल. ११मध्ये उजवी टिचकी मारली तर छोटी, सुबक यादी येते आणि तिच्या तळाशी ‘आणखी पर्याय दाखवा’. ते दाबलं की जुनी लांबलचक यादी. म्हणजे सुबक यादी हा नुसता ओटा झाला, घर मागेच आहे.

आणि कॉम्प्युटर चांगला चालत असेल तर विशेष सावध राहा. काकांचा २०१३चा लॅपटॉप चालत होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपणार, हे त्यांनी पेपरात वाचलं आणि दिवाळीच्या तोंडावर तो पिशवीत घालून बर्डीला नेला. सोबत मी. दुकानदाराने झाकण उघडलं, बंद केलं.

‘‘काकाजी, हा ११ले पात्र नाही.’’

‘‘चालून तर राहिला ना?’’

‘‘चालून राहिला, पण चालणार नाही.’’

काकांनी आयुष्यभर घरकुलाच्या, निराधाराच्या याद्या केलेल्या. ‘पात्र नाही’ हा शेरा त्यांनी शेकडो वेळा लिहिला असेल. लॅपटॉपवर मारलेला तो शेरा पाहून ते गप्पच झाले. दुकानदाराने समजावलं, सुरक्षेची टीपीएम नावाची चिप लागते, ती यात नाही. प्रोसेसरबी जुना, इंटेलचा असंल तर आठव्या पिढीपासून पुढचा पायजे.

‘‘आठवी पिढी?’’ काका म्हणाले. ‘‘आमच्या घरात तिसरीच चालू हाये, बाप्पा.’’

२०१५मध्ये कंपनीच्याच एका माणसाने जाहीर कार्यक्रमात १० ही शेवटची आवृत्ती असल्याचं सांगितलं होतं, हे मी परत येताना मेट्रोत त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘शेवटची म्हंजे आपल्यासाठी शेवटची.’’

गेल्या काही वर्षांत तर कॉम्प्युटर तुमची आठवणही ठेवायला तयार झाला आहे. दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र काढून ठेवायची सोय २०२४मध्ये जाहीर झाली, आरडाओरड झाली, मग ‘तुम्ही हो म्हटलं तरच’ असं ठरलं. वाड्यात राहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. समोरच्या गॅलरीतल्या काकू हेच काम वीज न वापरता करायच्या.

राहता राहिला तो निळा पडदा. कॉम्प्युटर कोलमडला की येणारा. ८मध्ये त्यावर रडका चेहरा आला, २०२५मध्ये ११वर तो पडदा काळा झाला आणि चेहराही गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, सोबत त्या वर्षीच्या दुखण्यांचे पुतळे, म्हणजे बडगे, आणि सगळं शहर ओरडतं, ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!’ निळी मारबत तेवढी नव्हती. मी गंमत म्हणून काकांना विचारलं, यंदा या लॅपटॉपचा बडग्या करायचा का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. कंपनी दर वेळी नवी आवृत्ती आणताना जुनीची मारबत स्वतःच काढते, आणि वेशीपर्यंत रडत जाणारे फक्त आपण असतो.

परवा गेलो तर वही पुढ्यात होती. आधार संपल्यावर मिळालेल्या एका वर्षाच्या मुदतवाढीची नोंद झाली होती, तारखेसह. त्याखाली काकांनी पट्टीने रेघ ओढून मोजून बारा ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.

‘‘या कशाला?’’ मी विचारलं.

‘‘बटनासाठी,’’ ते म्हणाले. ‘‘आता मधून उजवीकडं जाईन ना थे.’’