अकरावीत सिनेमा घेताय? मग आधी सिनेमा बघणं सोडा

अभिनंदन! दहावी झाली, आई-बाबांनी लाखांत फी भरून तुम्हाला आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेत घातलं आणि तुम्ही विषयांच्या सहाव्या गटातून 'फिल्म' उचललात. या गटात कलाविषय असतात, पण त्यांच्याऐवजी आणखी एखादा विज्ञान विषयही घेता येतो. हे घरी कळणार नाही, एवढी काळजी आधी घ्या. कळलंच तर तिथे केमिस्ट्री येऊन बसेल आणि पुढचं वाचायची तुम्हाला गरजच उरणार नाही.

घरी एकच सांगा: या विषयाला लेखी पेपर नाही. आईला वाटेल, चला, एक विषय सुटला. बाबांना वाटेल, पेपर नाही तो कसला विषय. मग दोघंही पुढचं ऐकणार नाहीत आणि ते तुमच्या पथ्यावरच पडेल. कारण ज्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा २०१९ साली झाली, त्यात पेपर नाही म्हणून दोन वर्षं काम संपतच नाही. सिनेमातल्या एका तुकड्याचं १,७५० शब्दांपर्यंतचं विश्लेषण, दोन सिनेमांच्या तुलनेचा दहा मिनिटांचा व्हिडिओ, नऊ पानांचा पोर्टफोलिओ, आणि हौसेने हायर लेव्हल घेतली असेल तर ग्रुपने मिळून केलेली सात मिनिटांची फिल्म.

विश्लेषण करायचं ते सिनेमातल्या जेमतेम पाच मिनिटांच्या तुकड्याचं. काही भोळी मुलं तो तुकडा पुन्हा पुन्हा बघतात. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत, मग वही घेऊन कट कुठे झाला ते सेकंदासकट टिपत. असल्या नादाला लागू नका. पहिल्याच वाक्यात 'मिझान्सीन' (फ्रेममध्ये दिसणारी सगळी मांडणी) टाका, दुसऱ्यात 'डायजेटिक' (पात्रांनाही ऐकू येणारा, सिनेमाच्या जगातला आवाज). निळा रंग दिसला की एकटेपणा, लाल दिसला की धोका, आरसा दिसला की दुभंगलेलं मन, जिना दिसला की सत्ता. फ्रेममध्ये यातलं काहीच नसेल तर 'रिक्त अवकाश' लिहा. तो सगळीकडे असतो.

तुलनेसाठी वेगवेगळ्या सांस्कृतिक पार्श्वभूमीचे दोन सिनेमे लागतात. एक कोरियन घ्या, एक फ्रेंच. दोन्हीकडची भाषा येत नसल्यामुळे मत ठाम राहतं. मराठी मात्र नको. समजा, मॅडमनी 'संत तुकाराम' सुचवला. १९३६ चा, प्रभात फिल्म कंपनीचा, पुढच्याच वर्षी व्हेनिसला नावाजला गेलेला. विषय बदला. त्यात तुकारामांची बायको जिजाई आजारी पोराला ओढत देवळात शिरते आणि विठोबावर चप्पल उगारते. हे पाहिलं की नाही नाही ते प्रश्न पडतात. हसू कुठे आलं आणि नेमकं कुठे थांबलं? कॅमेरा तेव्हा कोणाकडे बघत होता? देव काहीच बोलत नाही, तरी त्याचा राग का येत नाही? अशा प्रश्नांत एक अख्खा शनिवार जातो. शिवाय आजी शेजारी येऊन बसते आणि पडद्याच्या आधी अभंग म्हणायला लागते. सांस्कृतिक संदर्भ घरबसल्या मिळतो, पण आजीची तळटीप कशी द्यायची?

पुण्यात राहत असाल तर जास्तच जपा. एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था १९६० साली सुरू झाली ती त्याच प्रभातच्या आवारात आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं तेही त्याच लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला. क्लासला जाता-येता मान सरळ ठेवा. बाबा विचारतीलच, "मग यातून एफटीआयआयला थेट ॲडमिशन ना?" तिथल्या चित्रपट दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, आणि ती कुठल्याही शाखेची चालते, हे त्यांना सांगू नका. तुमच्या सातपैकी सात ग्रेडपेक्षा शेजारच्या बंड्याचं बीकॉम तिथे जास्त उपयोगाचं आहे, हे कळलं तर त्या रात्री घरात कोणी जेवणार नाही.

आता सात मिनिटांची फिल्म. सुरुवातीला अलार्म वाजला पाहिजे. चादरीतून एक हात येऊन तो बंद करतो, मग दात घासणं, मग खिडकीतून बाहेर बघणं. साडेतीन मिनिटं इथेच निघतात. उरलेल्या वेळात नायक गच्चीवर पाण्याच्या टाकीशी उभा राहील. त्याला काय झालंय, हे प्रेक्षकाला कळता कामा नये. दिग्दर्शकालाही नाही.

फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत चित्रित केली आणि ती फीत दाखवून सिनेमासाठी पैसे उभे केले. बिचाऱ्यांकडे ड्रोन नव्हता. तुम्ही भाड्याने आणा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगू नका.

ग्रुपमध्ये दिग्दर्शक व्हायला सगळे तयार असतात, बूम (लांब काठीवरचा माइक) धरायला कोणी नसतं. जो शेवटपर्यंत गप्प बसेल त्याच्या गळ्यात साउंड घाला. मग तो पंखा बंद करायला लावेल, कुकरची शिट्टी होईपर्यंत टेक थांबवेल, फ्रीज घरघरतो म्हणून त्याचा प्लग काढेल आणि परत लावायला विसरेल. संध्याकाळी फ्रीजरमधल्या कुल्फीचं पाणी झालेलं बघून त्याची आई जे बोलेल ते स्वच्छ रेकॉर्ड होईल. अख्ख्या फिल्ममधला खरा वाटणारा संवाद तेवढाच असेल. एडिटिंगमध्ये तो काढून टाका आणि पियानो लावा. (दोन वर्षांत ऐकायला शिकतो तो हाच मुलगा. पण हे त्याला सांगितलंत तर पुढच्या वेळी त्यालाच दिग्दर्शक व्हायचं असेल.)

जुलैत निकाल लागेल. सात मिळाले तर उपजत प्रतिभा, चार मिळाले तर परीक्षकांना भारतीय वास्तव कळलं नाही. इन्स्टाच्या बायोत 'फिल्ममेकर' मात्र निकालाच्या आधीच टाकून ठेवा. पेढे द्यायला गेलात की काका विचारतील, "मग सिरियलमध्ये कधी दिसणार?" तिथे मिझान्सीन समजावत बसू नका. "गणपतीनंतर" म्हणा आणि दुसरा पेढा घ्या.