ठोका चुकला म्हणजे हार्ट अटॅक येणार, हे खरं नाही

सध्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की शरीर कधी खोटं बोलत नाही, मधेच ठोका चुकणं, बोटांना मुंग्या येणं, डोळा लवणं ही सगळी हार्ट अटॅकची वॉर्निंग आहे, रिपोर्ट नॉर्मल आले तरी विश्वास ठेवू नका आणि दिवसातून दहा वेळा नाडी नि ऑक्सिजन चेक करत रहा. माझ्या मावशीने हे वाचलं आणि तिची झोपच उडाली, म्हणून लिहायला बसलेय.

आधी ठोक्याचं बघू. चुकत वगैरे काही नाही, एक ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर जरा गॅप पडते, तेवढ्यात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो, छातीत धक्का लागतो तो हा. अगदी धडधाकट माणसाला चोवीस तास होल्टर, म्हणजे ठोके नोंदवत राहणारं छोटं यंत्र, लावलं तरी असे ठोके सापडतात, त्याला पत्ताही नसतो. मावशीला कळतात कारण ती त्यांची वाट बघत पडलेली असते. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं, कान उशीत दाबलेला, घरात पंख्याशिवाय आवाज नाही, मग ठोके ऐकू येणारच ना!

मुंग्यांचं तर उलटंच आहे. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातलं मोकळं कॅल्शियम थोडं कमी होतं आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे भीतीने आलेल्या मुंग्या बघून माणूस अजून घाबरतो. डोळा लवणं बहुतेक वेळा जागरण आणि जास्तीच्या चहाचं काम.

आता ते "शरीर खोटं बोलत नाही". मुंग्या खऱ्या, धडधड खरी, पण त्याचा अर्थ आपण लावतो आणि तिथेच गडबड होते. 1980 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या प्रयोगात ट्रेडमिलवर चालणाऱ्या काहींना स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकवला, काहींना रस्त्यावरचे आवाज. चाल तीच, पण स्वतःचा श्वास ऐकणाऱ्यांनी दमल्याची तक्रार जास्त केली. लक्ष जिथे जातं तिथलं सगळं मोठं वाटतं. मन चिंती ते वैरी न चिंती, आपल्या आज्या म्हणायच्याच.

रिपोर्टवर विश्वास ठेवू नका हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. एकदा नीट तपासणी करा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनसकट, कारण धडधड त्यानेही होते. पण नॉर्मल आल्यावर पुन्हा पुन्हा ईसीजी काढला तर दोन तास बरं वाटतं, मग परत तीच शंका.

दहा वेळा नाडी बघण्याचंही तेच. मावशी मनगटावर दोन बोटं ठेवायची, घड्याळाकडे बघायची आणि त्या भीतीनेच नाडी वाढायची. स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी मिनिटाला 60 ते 100 मध्ये वरखाली होते, श्वास आत घेतला तरी थोडी वाढते. बोट गार असलं किंवा नखाला नेलपॉलिश असलं तर ऑक्सिमीटरही चुकीचा आकडा दाखवतो, तो बघून घरभर पळापळ!

आणि जे म्हणतात "तुझे मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नको", त्यांनाही सांगते, हे नाटक नाहीये, त्या माणसाला खरंच होतंय आणि यावर उपचार आहेत, समुपदेशनाने खूप फरक पडतो. कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हां, जिना चढताना छातीवर दाब आल्यासारखं होणं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम फुटणं, धडधडून चक्कर येऊन पडणं, एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणं, यातलं काही झालं तर मात्र टेन्शन असेल म्हणून घरी बसू नका, लगेच 108 ला फोन लावा.