वरण-भात, शिळी पोळी आणि तीनदा आलेला फॉरवर्ड

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आम्हा पुणेकर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड तीनदा आला. 'मातांनो, दुपारचं पौष्टिक जेवण आणि मुलांचा अभ्यास, यातलं एकच नीट होईल,' ही त्याची सुरुवात. पुढचे मुद्दे असे: चौरस स्वयंपाकाला दोन तास लागतात, वरण-भात म्हणजे नुसता स्टार्च, शिळं अन्न म्हणजे विष. म्हणून मसाला ओट्सची पाकिटं भरून ठेवा, नाहीतर रविवारी आठवड्याचं शिजवून फ्रीझरमध्ये टाका. आणि पोळ्या विकत आणायच्या असतील तर मुलांना घरी ठेवलंतच कशाला?

'मातांनो'पासूनच सुरुवात करतो. आमच्या घरी दुपारचा ओटा माझ्याकडे असतो. बायको सव्वाआठला हिंजवडीला निघते. मुलगी अकराची, मुलगा सातचा. तेव्हा हे एका बापाचं उत्तर समजा.

दोन तास कुठून आले कोण जाणे. बहुधा कोशिंबीर, दोन भाज्या, आमटी, गरम पोळ्या असं लग्नाचं पान मांडून हिशेब केला असावा. मुगाच्या डाळीच्या खिचडीचं माझं गणित सांगतो. डाळ-तांदूळ धुणं आणि गाजर चिरून फोडणीत टाकणं, आठ मिनिटं. मग कुकर लावायचा आणि वहीकडे वळायचं. तीन शिट्ट्या आणि वाफ जिरणं मिळून वीस मिनिटं जातात, पण त्यात माझे हात मोकळे असतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, आणि कुकरमध्ये तेच 120 अंशांच्या जवळ जातं. लेकीने हे वहीत लिहून घेतलंय. मात्र एक खरं, वेळ वाचतो तो आदल्या रात्री. चवळी किंवा मूग भिजत घालायला विसरलात की दुपारी बोंब. माझी झोपायच्या आधीची शेवटची फेरी स्वयंपाकघरात असते, ती एवढ्यासाठीच.

आता 'नुसता स्टार्च'. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन तांदळात कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते तांदळात पुरेसं. ताटात एकमेकांची उणीव भरून निघते. सरकारी शाळांच्या मध्यान्ह भोजनाचं प्रमाण पाहा: प्राथमिकच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, आणि त्यातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. आपली मुलं शाळेत जात नाहीत म्हणून हा मापदंड शाळेतच सोडून यायचं कारण नाही. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून पाहिलं. आमच्या खिचडीत दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ पडते, म्हणजे तांदळाच्या मानाने डाळ सरकारी मापाच्या दुपटीहून जास्त. वर तूप, लिंबू आणि बाजूला दही.

भाताने झोप येते, हे मात्र खरं. म्हणून जेवणानंतर मी गणित घेत नाही, गोष्टी वाचतो. दुपारी एक ते चार अख्ख्या पुण्याला जे जमत नाही ते सात वर्षांच्या पोराकडून का मागायचं?

शिळ्या अन्नाच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, आणि नेमकं तेच त्या फॉरवर्डला नीट सांगता आलेलं नाही. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात जेवणं झाल्या झाल्या परातीत पसरायचा, निवला की लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून संपवायचा. मे महिन्यात तर अजिबात हयगय नको. पोळीत पाणी कमी, तिचं तसं नसतं. डब्यातल्या चार पोळ्या हाताने कुस्करायच्या, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, दाण्याचं कूट, पाण्याचा हलका शिपका आणि झाकण. आमच्याकडे ही फोडणीची पोळी असली की लेक तळाशी लागलेला कुरकुरीत थर आधीच स्वतःच्या नावावर करून ठेवते. त्यावरून भांडणं होतात. विषावरून अशी भांडणं होत नसावीत.

ओट्सशी माझं वैर नाही. पण साधारण 40 ग्रॅमच्या छोट्या पाकिटातून जेमतेम दीडशे कॅलरी मिळतात. चार वाजता मुलं डबे उघडत फिरणार, बिस्किटांचे. पाकिटावर सोडियमचा आकडाही वाचा. झटपटच हवं असेल तर आपल्याकडे भाजणी आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे भाजून दळलेलं पीठ म्हणजे घरचं तयार मिश्रणच. काकडी किसून भिजवलं की थालीपीठ. नाचणीचंही तसंच: 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ओट्समध्ये त्याच्या पाव भागही नाही. नाचणीची धिरडी धाकटा स्वतः घालतो. पहिलं तव्याला चिकटतं, ते माझं.

रविवारचा फ्रीझर आम्ही दोन महिने करून पाहिला. बटाट्याची भाजी भुसभुशीत, पालकाला वास, आणि रविवार गेला तो गेलाच. आता थंडीत सासवडकडचा मटार सोलून ठेवतो, शिवाय खोवलेलं खोबरं आणि आलं-लसणाचं वाटण, बस.

राहिल्या विकतच्या पोळ्या. सोमवारी आणि गुरुवारी गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून दहा पोळ्या येतात. मुलगी सुटे पैसे मोजून नेते आणि हिशेब लिहिते. त्या अर्ध्या तासात मी धाकट्याचे जोडाक्षरांचे दोन धडे घेतो. केंद्र एकला बंद होतं, त्यामुळे गुरुवारी जोडाक्षरं पावणेएकला अर्ध्यावर सोडावी लागतात, एवढी एक अडचण आहे.